आधी स्प्रिंग, मग बाकी सगळे

१९८९ ते १९९१ या काळात पूर्व युरोपातली साम्यवादी राजवट कोसळली आणि तिथल्या सैन्यांचा आकार झपाट्याने आटत गेला. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक १९९९ मध्ये नाटोत दाखल झाले. नाटोचे पिस्तुलाचे काडतूस ९×१९ मिलिमीटरचे, तर वॉर्सा कराराच्या देशांचे ९×१८ मिलिमीटरचे. काडतूसच बदलल्यावर त्यासाठी घडवलेली हजारो पिस्तुले शस्त्रागारांत निरुपयोगी ठरली. काही वितळवली गेली, आणि बरीचशी अमेरिकेतल्या दुकानांत पोचली. तिथे १९६८ च्या कायद्याने जुन्या लष्करी हत्यारांची आयात बंद झाली होती, पण १९८४ च्या दुरुस्तीने संग्राह्य ठरणाऱ्या हत्यारांपुरती ती पुन्हा खुली केली होती. त्यामुळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बल्गेरियन माकारोव्ह किंवा पोलिश पी-६४ दोनशे डॉलरच्या आसपास मिळत असे. एवढ्या स्वस्तात हातात पडलेल्या वस्तूत काहीतरी ‘सुधारणा’ करावी असे घेणाऱ्याला वाटणे साहजिक आहे. हलका चाप, जोरकस स्प्रिंग, नवा रंग, नवी मूठ अशी यादी लगेच तयार होते. या लेखातले म्हणणे असे की जुन्या लष्करी पिस्तुलात करण्याजोगी सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे ते ज्या अवस्थेत कारखान्यातून बाहेर पडले त्या अवस्थेत त्याला परत आणणे. त्यापलीकडचा जवळजवळ प्रत्येक बदल त्या यंत्रातला एखादा समतोल मोडतो. तो कोणता, हे समजल्याशिवाय बदलाला हात घालू नये.

हे पटण्यासाठी यंत्राची रचना थोडी पाहावी लागेल. निकोलाय माकारोव्ह यांच्या पिस्तुलाला सोव्हिएत सैन्याने १९५१ मध्ये मान्यता दिली. त्यात नळी सांगाड्याला घट्ट बसवलेली असते, आणि काडतूस पेटताना तिची मागची बाजू बंद ठेवणारे कुलूप कोणतेही नसते. मागून दाबून धरणारी जी पोलादी स्लाइड असते, तिचे वजन आणि नळीभोवती गुंडाळलेल्या स्प्रिंगचा दाब या दोन गोष्टीच प्रामुख्याने रिकामे काडतूस वेळेआधी मागे येऊ देत नाहीत. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगाने स्लाइड मागे ढकलली जाते. ती गोळीपेक्षा कित्येक पट जड असल्याने तिचा वेग तेवढ्या पटीने कमी राहतो, आणि तेवढ्या वेळात गोळी नळीबाहेर पडून आतला दाब उतरतो. स्लाइड मागे जाताना घोडाही मागे रेटते, म्हणजे घोड्याची स्प्रिंगसुद्धा तिला विरोध करत असते. स्लाइडचे वजन, नळीभोवतीची म्हणजे पुढची स्प्रिंग, घोड्याची स्प्रिंग आणि काडतुसातली दारू या चारांचा हिशेब आराखडा करणाऱ्याने एकत्र मांडलेला असतो. यातले एक बदलले की उरलेल्या तिघांवर भार पडतो.

आता या हिशेबातली सर्वांत आधी झिजणारी वस्तू कोणती, तर स्प्रिंग. चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दाबलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने फारशी कमजोर होत नाही. तिला थकवते ते हजारो वेळा दबणे आणि सुटणे. सैन्यात सरावाच्या पिस्तुलांना हे भरपूर घडते, आणि कोणते पिस्तूल सरावाचे व कोणते चाळीस वर्षे पेटीत झोपलेले, हे बाहेरच्या रंगावरून कळत नाही. स्प्रिंग ढिली पडली की स्लाइड ठरल्यापेक्षा जोराने मागे येऊन सांगाड्यावर आपटते. पिस्तूल चालतच राहते, म्हणून मालकाला काही कळत नाही. धातूला मात्र दर गोळीमागे मार बसत असतो. पी-६४ किंवा हंगेरीच्या पीए-६३ सारख्या लहान पिस्तुलांत हातालाही हा धक्का जाणवतो. पीए-६३ चा सांगाडा तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणजे मार सोसण्याची त्याची ताकद पोलादापेक्षा कमी. जुनी स्प्रिंग आणि नवी स्प्रिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तर बऱ्याचदा जुनीची लांबी डोळ्यांना दिसेल इतकी आखूड भरते. पेनसिल्व्हेनियातली वुल्फ कंपनी अशा बहुतेक पिस्तुलांच्या स्प्रिंगा बनवते आणि त्यांची किंमत पिस्तुलाच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ असते. मूळ ताकदीची नवी स्प्रिंग बसवणे हे म्हणूनच पहिले आणि सर्वांत फायद्याचे काम. बसवताना एक बारकावा पाहायचा. माकारोव्हच्या स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे एका टोकाला थोडे अरुंद असते, आणि नळीवर आधी तेच टोक सरकवायचे असते. उलटी बसवली तर स्प्रिंग नळीला नीट पकडून राहत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. नवीच घ्यायची तर मूळपेक्षा जोरकस का घेऊ नये? माकारोव्हची कारखान्यातली स्प्रिंग १७ पौंडांची आहे, आणि बाजारात १९-२० पौंडांचीही मिळते. जास्त दाबाची काडतुसे वापरणाऱ्यांना ती उपयोगी पडते हे खरे. पण साध्या काडतुसांवर तीच स्प्रिंग लावली की स्लाइड पुरेशी मागे जातेच असे नाही, आणि मग रिकामे काडतूस बाहेर फेकले न जाता मध्येच अडकते. शिवाय परतताना स्लाइड जास्त जोराने पुढे आदळते, म्हणजे मागचा मार कमी करून पुढचा वाढवला एवढेच होते. हाताने स्लाइड ओढणेही जड जाते, आणि ज्यांच्या मनगटात जोर कमी त्यांना हा फरक लगेच नडतो. जोरकस स्प्रिंग हा विशिष्ट काडतुसासाठीचा उपाय आहे, सर्वसाधारण सुधारणा नव्हे.

हा समतोल सर्वांत स्पष्ट दिसतो तो पी-६४ च्या चापात. रादोमच्या कारखान्यातले हे सहा गोळ्यांचे पिस्तूल हातात सुबक बसते, पण घोडा न चढवता पहिली गोळी झाडायची तर चाप नऊ-दहा किलोच्या जोराने ओढावा लागतो. एवढ्या ओढीत नेम हलणारच. म्हणून घोड्याची स्प्रिंग काढून हलकी बसवणे हा या पिस्तुलावरचा सर्वांत प्रसिद्ध बदल आहे, आणि त्याच्या बाजूने खरा युक्तिवादही आहे. ज्या चापाने नेम हलतो, तो चाप असलेले पिस्तूल कमी सुरक्षित, कारण चुकलेली गोळी कुठेतरी लागतेच. मला हा युक्तिवाद मान्य आहे. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. घोडा हलका पडला की काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर बसणारा ठोका कमी होतो, आणि पूर्व युरोपातल्या लष्करी काडतुसांचे प्रायमर मुद्दाम कठीण ठेवलेले असतात. एका कंपनीच्या नव्या काडतुसांवर झकास चालणारे पिस्तूल जुन्या लष्करी काडतुसांवर नुसतेच ‘टक्’ करून थांबते. दुसरी किंमत कमी लोकांच्या लक्षात येते. घोड्याची स्प्रिंग स्लाइडलाही रोखत होती. ती हलकी केली म्हणजे स्लाइड आता लवकर आणि वेगाने उघडते, आणि तो भार पुढच्या स्प्रिंगने उचलावा लागतो. म्हणून घोड्याची स्प्रिंग हलकी केलीच तर पुढची स्प्रिंग निदान नवी, कधी थोडी जोरकसही, बसवावी लागते. एक बदल दुसरा मागतो. ज्याला हे ठाऊक आहे, जो एका वेळी एकच पायरी हलकी स्प्रिंग लावतो आणि आपण वापरतो त्याच काडतुसांच्या दोन-तीन खोक्यांवर तिची परीक्षा घेतो, त्याने हा बदल जरूर करावा. मिळेल ती सर्वांत हलकी स्प्रिंग लावून समाधान मानणाऱ्याने करू नये. आणि स्प्रिंगऐवजी घोडा अडवून धरणारे खाचेचे भाग कानशीने घासून चाप हलका करण्याचा मोह तर पूर्ण टाळावा. स्प्रिंग परत बदलता येते, घासलेले पोलाद परत येत नाही. त्या खाचांवरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की झीज वेगाने वाढते आणि एके दिवशी घोडा आपोआप पडतो.

स्प्रिंगइतकेच महत्त्वाचे दुसरे काम म्हणजे सफाई, आणि तिथे नुसता आळस प्राणावर बेतू शकतो. दीर्घ साठवणीसाठी ही पिस्तुले कॉस्मोलिन नावाच्या पेट्रोलियमपासून केलेल्या मेणचट लेपात बुडवलेली असतात. वर्षानुवर्षांत तो लेप घट्ट होतो, तपकिरी पडतो आणि प्रत्येक फटीत जाऊन बसतो. वरवर पुसले की पिस्तूल स्वच्छ दिसते. खरा लेप असतो तो फायरिंग पिनच्या भोकात, रिकामे काडतूस ओढणाऱ्या आकड्याखाली, मॅगझिनच्या आत आणि मुठीच्या पट्टीखाली. माकारोव्हमध्ये हे विशेष धोक्याचे आहे, कारण त्याच्या फायरिंग पिनला मागे ढकलून ठेवणारी स्प्रिंगच नाही. पिन आपल्या भोकात मोकळी सरकते, वजनाने हलकी असते, म्हणून स्लाइड पुढे आदळली तरी प्रायमर फुटेल एवढा ठोका तिच्याकडून बसत नाही. पण तीच पिन वाळलेल्या कॉस्मोलिनमुळे पुढच्या टोकाला चिकटून बसली, तर स्लाइड मिटतानाच गोळी सुटू शकते, आणि एकामागून एक सुटत राहू शकते. खात्री करून घेणे सोपे आहे. मॅगझिन काढावे, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासावे, स्लाइड वेगळी करावी आणि कानाजवळ धरून हलवावी. पिनचा खुळखुळ स्पष्ट ऐकू आला पाहिजे. आला नाही तर सेफ्टीचा खटका फिरवून बाजूला ओढावा, म्हणजे पिन मागून निघते. भोक आणि पिन मिनरल टर्पेंटाइनने धुऊन कोरडे करावे आणि पिन तशीच, तेलाचा थेंबही न लावता, परत बसवावी. तेल लावणे म्हणजे पुढच्या काजळीला आमंत्रण. माकारोव्ह घेणाऱ्याने पहिली गोळी झाडण्याआधी एवढे एक काम केले तरी त्याने सर्व नव्या मुठींपेक्षा आणि रंगांपेक्षा मोठी सुधारणा केली असे म्हणेन.

सफाईची दुसरी बाजू काडतुसांशी निगडित आहे. जुन्या पिस्तुलाबरोबर लोक जुनी लष्करी काडतुसेही स्वस्तात घेतात, विशेषतः तोकारेव्ह पिस्तुलासाठीची ७.६२×२५ मिलिमीटरची. त्यातल्या कित्येकांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळाले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे एक प्रकारचे मीठच. ते नळीत आणि स्लाइडच्या तोंडाशी बसते, दमट हवेतले पाणी शोषते, आणि पोलाद पाहता पाहता गंजू लागते. इथे समजुतीचा मोठा घोटाळा आहे. नेहमीचे तेल आणि नेहमीचे सफाईचे द्रव या मिठाला हात लावत नाहीत, कारण मीठ तेलात विरघळत नाही. उलट तेलाखाली ते झाकले जाते आणि काम करत राहते. अमोनिया घातलेल्या काचा पुसण्याच्या द्रवाने ते जाते अशी ख्याती आहे, पण तिथे काम करते ते त्या द्रवातले पाणी. पोटॅशियम क्लोराइड २० अंश सेल्सियसला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम विरघळते, गरम पाण्यात त्याहून जास्त. म्हणून उपाय स्वस्त आणि जुना आहे. त्याच दिवशी गरम पाणी नळीतून ओतायचे, स्लाइडचे तोंड धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि मगच तेल. चेकोस्लोव्हाकियाच्या १९८० च्या दशकातल्या सीझेड-८२ ची नळी आतून क्रोमने मढवलेली आहे, म्हणून तिला धुण्याची गरज नाही असेही काहीजण सांगतात. क्रोम नळीपुरते आहे. स्लाइडचे तोंड, आकडा आणि फायरिंग पिनचे टोक साध्या पोलादाचेच आहेत.

‘लष्कराचे हत्यार आहे, त्याला काय होतंय’ हा दुसरा आक्षेप वारंवार ऐकू येतो. लष्करी वस्तू दणकट असते हे खरे, पण ती आपल्या काळाच्या गरजा आणि मर्यादा सोबत घेऊन येते. चेकोस्लोव्हाकियाचे सीझेड-५२ हे याचे उत्तम उदाहरण. दोन रोलरांनी कुलूपबंद होणारी त्याची रचना खरोखर बुद्धिमान आहे, पण त्याची मूळ फायरिंग पिन ठिसूळ आहे. रिकाम्या नळीवर चाप ओढण्याचा सराव केला तर ती मोडते. घोडा हळुवार खाली आणणारा त्याचा खटकाही झिजलेल्या नमुन्यांत भरवशाचा राहत नाही. भरलेल्या पिस्तुलावर तो कधीच वापरू नये, त्याची खात्री झाली असे वाटले तरी. या पिस्तुलासाठी चांगल्या पोलादातून कोरलेली बदली पिन मिळते आणि ती बसवावीच. हा बदल मूळ अवस्थेपासून दूर नेणारा आहे, तरी मी तो मान्य करतो, कारण तो समतोल मोडत नाही, मूळचा ज्ञात दोष दूर करतो. मूळ पिन पुडीत घालून जपून ठेवावी म्हणजे झाले. एखादा बदल उलट फिरवता येतो का, हा प्रश्न अशा प्रत्येक वेळी विचारावा. मूठ बदलली, स्प्रिंग बदलली, पिन बदलली, तर उद्या परत फिरता येते. स्लाइडवरचा मूळ रंग घासून काढला, कारखान्याच्या खुणा गेल्या, सांगाड्याला भोक पाडले, तर परत फिरता येत नाही आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्या पिस्तुलाचे मोलही उतरते. शिवाय ज्या पिस्तुलांची आवक आता आटली आहे, त्यांतला प्रत्येक अस्सल नमुना त्या काळाच्या कारखानदारीचा पुरावा आहे. तो पुरावा हौसेखातर पुसला जावा हे मला तरी वाईट वाटते.

भोक पाडण्याचा विषय निघालाच आहे तर तोकारेव्हबद्दल सांगितलेच पाहिजे. फ्योदोर तोकारेव्ह यांच्या १९३३ च्या पिस्तुलाला हाताने लावायची सेफ्टी नाही. घोड्याला अर्धवट चढवून ठेवणारी एक खाच तेवढी आहे. अमेरिकेच्या आयात नियमांत पिस्तुलाला सोयी आणि सुरक्षेनुसार गुण मिळावे लागतात आणि सेफ्टीशिवाय ते पिस्तूल देशात येऊच शकत नाही. म्हणून आयातदारांनी पोलिश, रुमानियन आणि युगोस्लाव्ह तोकारेव्हांच्या सांगाड्याला भोक पाडून एक खटका बसवला. बऱ्याच नमुन्यांत हा खटका फक्त चाप अडवतो. घोडा आणि त्याला धरून ठेवणारी खाच मोकळीच राहते, म्हणजे पिस्तूल हातातून निसटून आदळले तर तो खटका काही वाचवेल असा भरवसा नाही. कागदावरची अट पूर्ण करण्यासाठी केलेली ही ‘सुधारणा’ मालकाला खोटा विश्वास देते, आणि खोट्या विश्वासापेक्षा सेफ्टी नाही हे ठाऊक असणे बरे. या पिस्तुलाची खरी सेफ्टी एकच, नळी रिकामी ठेवणे.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. तेवढ्याच किंवा थोड्या जास्त पैशांत आज नवे, हमी असलेले पिस्तूल मिळते, मग या जुन्याच्या मागे का लागावे? घरच्या संरक्षणासाठी एकच पिस्तूल घ्यायचे असेल तर हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. नवे घ्यावे. जुन्याची किंमतही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. जुन्या लष्करी पिस्तुलाचे महत्त्व नेमबाजीची हौस, यंत्राची समज आणि इतिहास यांत आहे, आणि तिथे ते कोणत्याही नव्या पिस्तुलापेक्षा जास्त देते. माकारोव्ह इतक्या कमी भागांचे आहे की ते उघडून पुन्हा जोडताना एक सोव्हिएत अभियंता साधेपणासाठी काय काय सोडून द्यायला तयार होता ते समजते. एकच चपटी पट्टीची स्प्रिंग घोडाही हलवते, चापही मागे आणते आणि मॅगझिनही अडवून धरते. भारतातल्या वाचकांसाठी मात्र हे सारे ज्ञान समजून घेण्यापुरतेच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार हत्यार दुरुस्त करण्यासाठीही परवाना लागतो, म्हणजे आपल्याकडे परवानाधारकानेही स्प्रिंग बदलायची ती अधिकृत कारागिराकडूनच. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसानेही आपल्या राज्याचा कायदा आधी पाहावा. तिथे प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत.

अमेरिकेत किंवा जिथे कायद्याने मुभा आहे तिथे असे पिस्तूल घेण्याचा विचार असेल, तर किमतीच्या चिठ्ठीआधी एक गोष्ट पाहा, त्याचे सुटे भाग आज मिळतात का. माकारोव्हचे मिळतात, कारण ते अनेक देशांत आणि फार मोठ्या संख्येने बनले. स्पेनमधल्या एइबारच्या स्टार कंपनीची गोष्ट वेगळी आहे. तिचे ९ मिलिमीटरचे मॉडेल बी दिसायला अमेरिकेच्या एम-१९११ सारखे आहे, म्हणून त्याचे भाग सहज मिळतील असा समज होतो, पण दोघांचे भाग एकमेकांत बसत नाहीत. स्टार १९९७ मध्ये बंद पडली. तेव्हा स्टार घेणार असाल तर पिस्तुलाबरोबरच एक जादा फायरिंग पिन, एक आकडा आणि स्प्रिंगांचा पूर्ण संच मिळवा. ते मिळत नसतील तर ते पिस्तूल कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.